म्हातारीचा नवा आवाज

सोमवार, ७

तर मी म्हणत होते तेच खरं निघालं. दोष इंजिनात नाहीये, दोष त्या डबड्यात आहे!

डबडं म्हणजे मफलर. मामा त्याला सायलेन्सर म्हणतो आणि उंटकाका डबडं. आज मी स्क्रू काढून ते हातात घेतलं तेव्हा मला उंटकाकांचाच शब्द पटला. आत काजळीचा हा एवढा थर, आणि धूर बाहेर जायला भोक केवढं, तर माझी करंगळी जाणार नाही! एवढं सत्तर सीसीचं इंजिन आणि श्वास सोडायला एक नाकपुडी, तीही चोंदलेली. बिचारी म्हातारी धापा टाकते त्यात काय नवल?

म्हातारी म्हणजे मामाची चेनसॉ. वय वर्षं सतरा. मामाचा धंदा झाडं कापायचा. घरावर झुकलेली, रस्त्यात आडवी झालेली, तारांत घुसलेली, सगळी. मामा कापतो, उंटकाका दोर सांभाळतात. ते इतके उंच आहेत की त्यांचं खरं नाव कोणाला आठवत नाही, बहुतेक त्यांनाही नाही. माझं कॉलेज संपलंय, नोकरी दोन महिन्यांनी सुरू होणार, तोवर मी इथे. मामी रोज म्हणते, "स्वयंपाकघरात लुडबुड नको, जा शेडमध्ये." मला अजून काय हवं!

आणि आता खरी बातमी. वीज ऑफिसला तारांखालची झाडं छाटायला वर्षभरासाठी माणसं हवीत. २१ तारखेला चाचणी. ओंडक्याच्या तीन चकत्या पाडायच्या. जो लवकर आणि साफ कापेल त्याचं काम. आपल्यासमोर कोण, तर 'नवेकोरे'. दोघे भाऊ आहेत, हेल्मेटपासून बुटांपर्यंत सगळं चकाचक, बुटांवरचं लेबलसुद्धा अजून काढलेलं नाही.

मामा जेवताना म्हणाला, "हे काम गेलं तर म्हातारीला आणि मला एकदमच रिटायर करा." आम्ही हसलो. मामी नाही हसली.

चौदा दिवस आहेत. मी डबडं उघडणार!

मंगळवार, ८

परवानगी मिळाली! पण काय नाटक झालं.

मामा पाठमोरा बसून चेनला कानस मारत होता. मी विचारलं, "मामा, मफलरला दुसरं भोक पाडू?" उत्तर नाही. परत विचारलं. नाही. मला वाटलं विचार करतोय. तिसऱ्यांदा विचारल्यावर उंटकाकांनी एक लाकडाची ढलपी उचलली आणि नेम धरून मामाच्या पाठीवर मारली. मामा शांतपणे वळला. "काय गं?"

ह्या दोघांची हीच पद्धत. हाक नाही मारायची, ढलपी मारायची! इतक्या वर्षांची दोस्ती म्हणजे असंच होत असणार.

मी सगळं समजावलं. भोक वाढलं की धूर पटकन जाईल, इंजिन मोकळा श्वास घेईल, पंधरा टक्के तरी ताकद वाढेल.

"आणि आवाज?" मामा माझ्या तोंडाकडे टक लावून ऐकत होता. इतकं लक्ष देऊन तर आमचे सरसुद्धा ऐकायचे नाहीत.

"थोडा वाढेल."

मामी दारातून म्हणाली, "अजून वाढवा! आधीच ह्याच्या टीव्हीने शेजारीण आपली सीरियल आमच्या भिंतीतून ऐकते."

मामा म्हणाला, "कर. पण आतली जाळी काढायची नाही. ठिणगी उडून वाळकं गवत पेटलं, तर विझवायला तुझी डिग्री येणार आहे का?"

"नाही काढत. साफ करून परत बसवते."

"आणि बिघडवलीस तर?"

"तर मी आयुष्यभर तुझ्या चेनला कानस मारीन."

"बिघडव मग," मामा म्हणाला.

गुरुवार, १०

आज केलं. केलंच!

डबडं आधी रात्रभर डिझेलमध्ये भिजवलं होतं. सकाळी तारेच्या ब्रशने घासलं, तर काळं पाणी संपेचना. मग खडूने खूण केली. जागा निवडायला मला दोन तास लागले. बाजूला भोक पाडलं तर गरम धूर प्लास्टिकवर जातो, खाली पाडलं तर कापणाऱ्याच्या पायावर. म्हणून पुढे, उजव्या बाजूला, जुन्या भोकाच्या समोरासमोर.

आधी बारीक ड्रिल, मग जाड, मग गोल कानस. नवं भोक जुन्यापेक्षा किंचित मोठं झालं. किंचित म्हणजे, बरं, बऱ्यापैकी. हात घसरला. पण कडा मी अशी गुळगुळीत केली की बोट फिरवावंसं वाटतं. वरून पत्र्याची छोटी टोपी बसवली, धूर पुढे वळावा म्हणून. वेल्डिंगवाल्याने टोपी जोडताना विचारलं, "हे काय, मशीनला कानात डूल?" 

होच मुळी. डूलच आहे.

उद्या सुरू करायची. मला जेवण जात नाहीये. मामी म्हणाली, "माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी मी एवढी धास्तावले नव्हते."

शुक्रवार, ११

काय आवाज! काय आवाज!!

तिसऱ्या खेचीला पेटली आणि शेडचा पत्रा थरथरायला लागला. मामी कपडे वाळत घालता घालता ओला टॉवेल घेऊनच धावत आली. समोरच्या गॅरेजवाल्याने दोन्ही हात जोडले. माझ्या कानात बोळे होते तरी दात झणझणले.

आणि मामा? मामाला मी असं कधीच पाहिलं नव्हतं. तो म्हातारीच्या जवळ गेला, मान तिरकी करून उभा राहिला आणि हसला. लहान मुलासारखा. बंद केल्यावर म्हणाला, "बोलली गं. कित्येक वर्षांनी बोलली बघ."

मला रडूच आलं. पाच वर्षं शिकून कोणी मला एवढं चांगलं सर्टिफिकेट दिलं नव्हतं. मी म्हटलं, "आवाज जास्त झाला का रे?" तर म्हणतो, "कुठे जास्त? आत्ता कुठे बरोबर झालाय."

मग ट्यूनिंग. हे नीट लिहून ठेवते. इंजिन मोकळं झालं की हवा जास्त ओढतं, म्हणून कार्बोरेटरचा स्क्रू थोडा सोडून पेट्रोलही वाढवावं लागतं. नाहीतर इंजिन आतून तापून जाम. स्क्रू किती सोडायचा ते आवाजावर ठरतं. फुल रेसवर, लाकडात नसताना, आवाज थोडा फाटका, भरभरता हवा. गुळगुळीत किंचाळली की समजायचं, पेट्रोल कमी पडतंय.

आणि ह्यात मामा म्हणजे मामाच. लांबून लोक आपली मशीनं त्याच्याकडे आणतात. 'उस्तादांचा कान' म्हणतात. एरवी तो डोळे मिटून तळहात टाकीवर ठेवतो आणि स्क्रू फिरवतो, एखाद्याची नाडी बघावी तसा. आज तळहात ठेवलाच नाही. आज नुसता ऐकत होता. स्क्रू थोडा सोडला, मग परत आवळला, मग अजून आवळला.

मला वाटलं, किंचाळतेय. माझ्या मीटरवर इंजिनाचे मिनिटाचे फेरे चौदा हजारांच्या वर, आणि पुस्तकात साडेबारा हजार लिहिलेत. मी मीटर दाखवला. मामा म्हणाला, "भरभरतेय की छान. ऐक ना." आता सतरा वर्षं ती ज्याच्या हातात आहे त्याचं ऐकायचं, की मी कॉलेजच्या प्रोजेक्टमधून ढापलेल्या मीटरचं?

मीटर बिघडला असणार. तसाही एकदा चहात पडला होता.

शनिवार, १२

आज मामाबरोबर साइटवर. एका बंगल्यावर झुकलेलं झाड. म्हातारीने फांद्या काकडीसारख्या कापल्या! मालकीणबाईंनी खिडक्या लावून घेतल्या, तेवढं सोडा.

आणि ह्या दोघांची सिस्टिम! मामाच्या पट्ट्याला बारीक दोरी बांधलेली, दुसरं टोक उंटकाकांच्या मनगटाला. एक झटका म्हणजे थांब. दोन म्हणजे डावीकडे बघ. लांब ओढ म्हणजे सगळं सोडून पळ. ओरडाआरडा शून्य. मी म्हटलं, "उंटकाका, किती प्रो आहात तुम्ही! हे कोणी शोधलं?"

"गरजेने," ते म्हणाले आणि दोरी गुंडाळायला लागले.

मामाला बोळे देत होते मी, त्याने घेतले नाहीत. "माझे कान तयार झालेत," म्हणाला. ह्या जुन्या लोकांना सेफ्टी सांगणं म्हणजे भिंतीला सांगणं.

रविवार, १३

मेली.

शेडमागे ओंडका लावून सराव चालला होता. पहिली चकती अकरा सेकंद. दुसरी दहा! मी नाचत होते. तिसरीच्या मध्यावर ती एकदम किंचाळली, किंचाळत राहिली, आणि थांबली. सुरू करायची दोरी ओढली तर जागची हलेना.

संध्याकाळी खोलून पाहिली. पिस्टनवर उभे ओरखडे, धुराच्या बाजूला. पेट्रोल कमी पडलं, तापली, चिकटली. म्हणजे भोक मी नको तेवढं मोठं केलं. हात घसरला होता तो. माझीच चूक, शंभर टक्के.

मामा खोललेल्या पिस्टनकडे बघत बसला होता. मी म्हटलं, "सॉरी मामा. भोक मोठं झालं माझ्याकडून."

त्याने पिस्टन पालथा ठेवला. मग म्हणाला, "भोकाचा काय संबंध?" आणि उठून गेला. किती मोठं मन आहे त्याचं.

सोमवार, १४

आज काही नाही. मामीने तीन वेळा चहा दिला, तिन्ही वेळा गार झाला.

बुधवार, १६

म्हातारी जिवंत आहे!!!

स्पेअरवाल्याकडे ह्याच मॉडेलचं एक भंगारातलं मशीन होतं. त्याने त्यातला सिलिंडर आणि नवा पिस्टन दिला, कारण म्हणे मामाने त्याची तीन मशीनं कानाने दुरुस्त केली होती. मी आणि उंटकाकांनी मिळून बसवला. त्यांची बोटं एवढी लांब आहेत की आतला क्लिप त्यांनी बाहेर उभं राहून लावला.

मी परत म्हटलं, "चूक माझी होती हो."

"तुझी नव्हती."

"मग कोणाची?"

"ओंडक्याची. फार वेळ आडवा पडला होता." ह्यांच्याशी सिरियस बोलायची सोयच नाही.

मग ट्यूनिंग. मामाने स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात दिला! म्हणाला, "ह्या वेळी तुझा मीटर." आणि स्वतः डोळे मिटून तळहात टाकीवर ठेवला. मी मीटर बघून स्क्रू सोडत गेले. त्याने डोळे न उघडताच दुसरा हात वर केला, "बस." मी आकडा बघितला. बारा हजार पाचशे. बरोब्बर!

मी ओरडले, "मामा, तुझा हात मीटर आहे!"

"हात आहे अजून," तो म्हणाला.

शुक्रवार, १८

मामा आणि उंटकाका वीज ऑफिसच्या मीटिंगला जाऊन आले. तिथल्या इंजिनीअर मॅडमनी नियम सांगितले. शिट्टीवर सुरू करायचं. आणि कापताना मध्येच कधीही शिट्टी होईल, तेव्हा ताबडतोब थांबायचं. नाही थांबलात तर बाद. तारांखाली काम आहे, शिट्टी म्हणजे धोका. उंटकाकांनी दोरीचं विचारलं, तर म्हणाल्या, "दोरी तारेत अडकली तर? लाइनवर फक्त शिट्टी."

बरोबरच आहे. एवढं साधं तर आहे!

पण मामा जेवला नाही. पहिल्यांदाच टीव्हीसुद्धा लावला नाही.

शनिवार, १९

वहीबाई, बसलेली असशील तर नीट बस. सोमवारी ओंडका मी कापणार. मी! मामा सकाळी हेल्मेट घेऊन आला आणि माझ्या डोक्यावर ठेवलं.

"तू कापणार."

"मी? अरे पण उस्ताद तू आहेस!"

"मशीन तू बनवलंयस. तूच चालव."

मामी पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं. म्हणाली, "बरं केलंस," आणि पदराने डोळे पुसले. कांदा चिरत नव्हती काही. भाचीचा एवढा अभिमान!

दिवसभर सराव. मामा समोर उभा राहून हाताने दाखवत होता, दाब दे, सोड, आता तिच्या वजनाने जाऊ दे. "ढकलू नकोस. तिला भूक आहे, ती खाईल." संध्याकाळी तेहतीस सेकंदांत तीन चकत्या. दंड माझे आहेत की कोणाचे तेच कळत नाहीये. सही करायची म्हटली तर जमणार नाही.

सोमवार, २१

पहिले आलो! ओरडून ओरडून घसा बसलाय. क्रमाने लिहिते.

आधी नवेकोरे. त्यांच्या मशीनचा आवाज मिक्सरसारखा. मधली शिट्टी झाल्यावर थोरला लगेच थांबला. छत्तीस सेकंद, शिट्टीचा वेळ सोडून. लेबल अजून बुटांवर होतं.

मग आम्ही. मी ओंडक्याच्या अलीकडे, मामा नियमाप्रमाणे बराच लांब, मला समोर दिसेल असा. सुरुवातीची शिट्टी, पेटवली, आणि म्हातारी जी गरजली! ऑफिसच्या खिडक्यांत माणसं जमली. भुसा तोंडावर, बुटांत, दातांत. पहिली चकती पडली. दुसरी अर्ध्यावर आली आणि मामाचा हात वर गेला. पंजा उघडा. थांब!

मी बटण दाबलं. शांतता. मॅडमच्या तोंडात शिट्टी होती.

त्या म्हणाल्या, "वा! शिट्टी पूर्ण वाजायच्या आत थांबलात. इतकं पटकन ऐकू आलं?"

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. त्या आवाजात कोणाला ऐकू येणार? मी नुसती मान हलवली. परत पेटवली, उरलेलं संपवलं. बत्तीस सेकंद!!

उंटकाकांनी मला उचललं. त्यांनी उचलणं म्हणजे गच्चीवर जाणं. वरून मामा दिसला, तो मॅडमशी बोलत होता, त्यांच्या तोंडाकडे टक लावून.

एक अडचण आहे. मॅडमनी आवाज मोजायचं यंत्र आणलं होतं. म्हणाल्या, "काम तुमचंच. पण शाळा आहेत, दवाखाने आहेत. हा आवाज नाही चालणार. कंपनीचा मूळ सायलेन्सर लावून आणा, गुरुवारी सही करू."

हात्तिच्या! जुना आहे की स्पेअरवाल्याकडे, त्या भंगारातल्या मशीनचा. पाच मिनिटांचं काम.

मंगळवार, २२

सायलेन्सर आणला. साफ केला. टेबलावर ठेवलाय. लावलेला नाही.

सकाळी मी स्क्रू काढायला बसले तर मामाने माझ्या हातावर हात ठेवला. "गुरुवारपर्यंत राहू दे ना. हे लावलं की ती परत मुकी होईल."

"मुकी कुठे? हळू बोलेल."

तो हसला, त्याला माहीत असलेलं मला माहीत नाही असा. मग शेडच्या दाराशी पाठमोरा बसून चेनला कानस मारायला लागला.

आणि मी त्या हाताचा विचार करत बसले. काल मला शिट्टी ऐकू आली नाही. मी मशीनपाशी होते, कानात बोळे होते. मामा लांब होता, बोळे नव्हते, म्हणून त्याने ऐकली असेल. पण मॅडम म्हणाल्या, पूर्ण वाजायच्या आत. म्हणजे त्याने ऐकली नाही. शिट्टी ओठांकडे जाताना बघितली. तो पूर्ण वेळ माझ्याकडे नाही, त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

जसा माझ्या तोंडाकडे बघतो.

मी हळूच म्हटलं, "मामा." कानस चालूच. मग मोठ्याने, "मामा, म्हातारीला आग लागली!" रस्त्यावरून जाणारा सायकलवाला वळून बघायला लागला. कानस चालूच.

दोरी. टीव्ही. तळहात. आणि त्या दिवशी नुसतं ऐकून आवळलेला स्क्रू. पंधरा दिवस मी हे सगळं ह्याच वहीत लिहिलंय, उद्गारचिन्हं देऊन देऊन! किती बावळट असावं माणसाने.

मी एक ढलपी उचलली. बारीकशी. त्याच्या पाठीवर टाकली.

तो वळला. माझ्याकडे बघितलं, पायाशी पडलेल्या ढलपीकडे बघितलं. ती उचलून बोटांत फिरवली.

"उंटाने शिकवलं वाटतं?"

"हो," मी म्हटलं, तोंड नीट उघडून.

"नेम चांगला आहे." आणि परत कानस घेतली. पण ह्या वेळी पाठ दाराकडे करून, तोंड माझ्याकडे करून बसला.

आता बघ. जुना सायलेन्सर लावला तर काम मिळतं, आणि त्याच्या उरलेल्या कानांवर अत्याचारही थांबतो. पण त्याची म्हातारी मुकी होते. नाही लावला तर ती बोलत राहते, आणि रोज थोडंथोडं त्याचं ऐकणं खात राहते. आणि शिट्टी? ती कोण ऐकणार? माझ्या नोकरीचं पत्र कपाटात आहे, त्यावर कुठल्यातरी काचेच्या इमारतीचा फोटो आहे, आणि मला ते गेले पंधरा दिवस आठवलंही नव्हतं.

स्क्रू ड्रायव्हर हातात आहे. मामा समोर बसलाय आणि मी काय बोलते त्याची वाट बघतोय. तू माझ्या जागी असतीस तर त्याला काय म्हणाली असतीस?